फोटो फ्रेम कशी निवडायची: आधी फोटो, मग पट्टी, शेवटी भिंत

आमच्याकडे आजीचा एकच मोठा फोटो होता, नऊवारीतला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. घराला रंग द्यायचा म्हणून खाली उतरवला तेव्हा लक्षात आलं की फोटो काचेला चिकटलाय, आणि सोडवायला गेलो तर अर्ध्या चेहऱ्याचा थर काचेबरोबरच निघाला. फ्रेम दिसायला छान होती, सोनेरी नक्षीची, पण ज्यांनी बनवली त्यांनी फोटो थेट काचेला टेकवून मागून पुठ्ठा ठोकला होता आणि इतक्या पावसाळ्यांची ओल आतच राहिली. म्हणून सांगते, दुकानात गेल्यावर आधी पट्ट्यांचे, म्हणजे फोटोभोवतीच्या चौकटीचे, नमुने बघायला लागू नका, फोटोपासून सुरुवात करा.

पहिलं काम म्हणजे माप. स्टुडिओत ४×६, ५×७, ८×१२, १२×१८ इंच असे प्रिंट सहज मिळतात, पण बहुतेक मोबाईलचा फोटो ४:३ प्रमाणात निघतो आणि १२×१८ चं प्रमाण ३:२ आहे, त्यामुळे आडवा फोटो त्या मापात काढला की उंचीतला जवळपास दीड इंच कापला जातो. लग्नातला ग्रुप फोटो असेल तर मागच्या रांगेची डोकी नाहीतर पुढे बसलेल्या मुलांचे पाय गेलेच समजा. मोबाईलमधल्या फोटोला ६×८, ९×१२ किंवा १२×१६ मागा, काही कापावं लागत नाही. आणि आयती फ्रेम आधी आणून तिच्यात बसेल असा फोटो शोधत बसू नका, त्यात कायम काहीतरी तडजोड होते.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, माउंट. म्हणजे फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची जी रुंद कोरी किनार दिसते ती. लोकांना वाटतं ती शोभेसाठी असते, पण तिच्यामुळे काच आणि फोटो यांच्यात थोडी फट राहते आणि आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, तीच फट फोटो वाचवते. माउंट ॲसिड-फ्री मागा, साधा पुठ्ठा काही वर्षांनी पिवळा पडतो आणि तो डाग फोटोच्या कडेवरही उतरतो. रुंदी दोन इंच ठेवली तर बहुतेक फोटोंना पुरते, छोटा जुना फोटो असेल तर तीन इंच करा, फार सुंदर दिसतो. रंग पांढरट किंवा क्रीम. काळा-पांढरा फोटो असेल तर झगझगीत पांढरा नको, जुना कागद त्याच्यापुढे मळका वाटतो.

आणि फ्रेमवाल्या काकांना स्पष्ट सांगा की फोटोला गोंद किंवा फेविकॉल लावायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. जुन्या अल्बममध्ये फोटोच्या चार कोपऱ्यांना कागदी कोपरे असायचे ना, तसेच कोपरे आतून लावता येतात, उद्या फोटो काढायचा झाला तर सहज निघतो. घरात एकच मूळ प्रत असेल तर ती स्कॅन करून कॉपी फ्रेम करा आणि मूळ फोटो कोरड्या जागी कपाटात ठेवा.

तुमचा फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर ओढू नका, पाणी लावू नका, आम्ही केलेली चूक करू नका. तसाच काचेसकट स्कॅन करून घ्या आणि मग जाणकाराला दाखवा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते.

आता पट्टी. सिंथेटिक पट्टी स्वस्त, हलकी, वाळवीची भीती नाही, रोजच्या फोटोंना उत्तम. सागवानी महाग पण तिचा रंग जसा मुरतो तसा सिंथेटिकला येत नाही. भाव बहुतेक फुटावर असतो, म्हणून हिशोब घरीच करून जा: १२×१८ चा फोटो, चारी बाजूंना दोन इंच माउंट, म्हणजे १६×२२, त्याचा घेर ७६ इंच, आणि एक इंच रुंद पट्टीचे कोपरे तिरके कापावे लागतात म्हणून वर आठ इंच धरा, झाले ८४ इंच, म्हणजे सात फूट. पट्टी जेवढी रुंद तेवढं हे वाढतं.

कुठल्या चित्राला काय? वारली चित्र गेरूवर पांढऱ्या रेघांचं असतं, त्याला बारीक काळी किंवा साधी लाकडी पट्टी द्या, सोनेरी नक्षीत ती नाजूक माणसं हरवतात. कॅनव्हासला काच नकोच. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथल्या लक्ष्मी-सरस्वती अजून कितीतरी घरांत आहेत, काहींवर तर बायकांनी हौसेने जर आणि टिकल्या शिवलेल्या. असं चित्र असेल तर फ्रेम खोक्यासारखी खोल करून घ्या म्हणजे जर काचेखाली दबणार नाही, आणि जुनी लाकडी फ्रेम मजबूत असेल तर ती टाकू नका, फक्त मागचा पुठ्ठा बदला.

काच खिडकीसमोर येणार असेल तर नॉन-ग्लेअर, म्हणजे चमक न मारणारी, घ्या, नाहीतर साधी चालते. वजनाचा मात्र विचार करा, दोन बाय तीन फुटांच्या फ्रेममध्ये २ मिलिमीटरची नुसती काचच पावणेतीन किलोच्या आसपास भरते, ती चिकटवायच्या हुकवर टांगू नका. ड्रिल करून प्लग आणि स्क्रू, मोठ्या फ्रेमला दोन.

उंचीबद्दल नेहमी सांगतात की फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर हवा, ते उभं राहून बघणाऱ्यासाठी बरोबर आहे. पण आपण जेवणाच्या टेबलाशी, सोफ्यावर बसूनच जास्त बघतो, तिथे चार-सहा इंच खाली घ्या. जुन्या वाड्यांत फोटो उंचावर पण पुढे झुकवून लावायचे, कारण माणसं खाली सतरंजीवर बसायची आणि वर बघितलं की चेहरा नीट दिसायचा.

चार-पाच फ्रेम एकत्र लावायच्या असतील तर आधी वर्तमानपत्र त्या मापाचं कापून टेपने भिंतीवर लावा, दोन दिवस राहू द्या, मग ठरवा. बाथरूमची किंवा पावसाचा मारा बसणारी भिंत टाळा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची छोटी बटणं चिकटवून घ्या, हवा खेळती राहते. दसऱ्याच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून मागची बाजू बघा, बुरशीचे ठिपके किंवा कसर दिसली तर लगेच उघडायला न्या.