मंगळवेढ्यावरून पंढरपूर: पोरांना घेऊन एका दिवसात

सोलापुरातून पंढरपूरला निघालं की गाडी सहसा मोहोळवरूनच जाते. पण मंडळाची पोरं नेणार असाल तर मंगळवेढ्यावरून न्या. एकादशी सोडून कुठलाही दिवस धरा आणि सकाळी सहाला पूर्व भागातून गाडी हलवा.

डबा घरूनच न्यायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि किटलीत दही. भाकरी फडक्यात घट्ट बांधा, नाहीतर पोचेपर्यंत चुरा होतो. चुरा झालाच तर दही-चटणीत कालवून द्या, पोरं तेच आधी संपवतात.

मंगळवेढ्यात अर्धा तास थांबा. १३३८ साली इथली गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं ती नामदेवांनी ओळखून पंढरपूरला नेली, अशी कथा आहे. हे तिथं उतरून, उभ्यानं सांगा. गाडीत सांगितलं तर खिडकीबाहेर बघत ऐकतात. मग म्हणा, आता आपण त्याच वाटेनं पुढं जातोय. पुढचे पंचवीसेक किलोमीटर पोरं गप्प बसतात, मी दरवेळी बघतो.

पंढरपुरात रांगेकडे पळू नका. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना थेट दर्शनबारीत उभं केलं. साडेतीन तास गेले आणि पोरांनी पुढच्याची पाठ सोडून काही पाहिलं नाही. आता आधी महाद्वार. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथं एकेकाला पुढं जाऊ द्या. मागच्या खेपेला एक मुलगा बुक्क्याचं बोट कपाळापर्यंत नेऊन थांबला. "दादा, हे आत का नाहीत?" मी त्याला खरं तेच सांगितलं: चोखोबांच्या जातीला आत प्रवेश नव्हता. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात, एक ते दहा तारखेपर्यंत, इथंच तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. हे ऐकून आत गेलेलं पोरगं उंबरा ओलांडताना खाली बघतं.

मोबाइल आत चालत नाही, म्हणून सगळे एका पिशवीत घालून बाहेरच एका मोठ्या माणसाजवळ ठेवा. चपला गाडीतच. वेळ कमी असेल तर मुखदर्शन घ्या. पायावर डोकं ठेवायचंच असेल तर तीन तास हाताशी धरा आणि मागे रुक्मिणीकडे जायला विसरू नका.

दुपारी चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ दाखवा. पाण्यात मात्र घोट्याच्या वर कुणाला जाऊ देऊ नका, पात्रात खड्डे आहेत आणि वरून कळत नाहीत. जोड्या लावून द्या. प्रत्येकानं आपला जोडीदार सांभाळायचा.

पाचला निघा. चुरमुरे, बत्तासे, बुक्का घेतल्याशिवाय पोरं हलणार नाहीत, त्याला वीस मिनिटं द्या. गाडीच्या दारात उभं राहून जोडीनं मोजा, डोकी मोजू नका.