नुसतं "छान झालंय" म्हणू नका! चवीचे शब्द नेमके कसे वापरायचे

खाण्याची आवड असलेल्या कुणालाही आपण सरसकट फूडी म्हणून मोकळे होतो, पण मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे हो. चवीनं खातो तो खवय्या, ताट भरभरून रिचवतो तो पट्टीचा खाणारा, निवडून-पारखून खातो तो चोखंदळ. खादाड आणि अधाशी हे कौतुक नाही, पाहुण्याला तर अजिबात म्हणायचं नाही.

आता पदार्थाकडं. मागच्या दिवाळीत सदाशिव पेठेत काकूकडं शंकरपाळी खाल्ली आणि मी म्हटलं, काकू, मस्त कुरकुरीत झालीयेत. काकूनं लगेच एक तोंडात टाकलं, "मोहन कमी पडलं का रे?" तेव्हा कळलं, कुरकुरीत म्हणजे पापड, आवाज करत तुटणारा. पिठात गरम तुपाचं मोहन नीट पडलं की शंकरपाळं दाताखाली आपोआप भुगा होतं, ते खुसखुशीत, आणि काकूला तेच ऐकायचं होतं.

सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो तो खमंग. काहीतरी भाजलेलं, तळलेलं किंवा फोडणीचं असेल तरच म्हणा: भाजणीचं थालीपीठ, बाकरवडी. श्रीखंड कितीही भारी असलं तरी खमंग नाही. मग खमंग काकडी कशी, ती तर कच्ची असते? तर त्यात भाजलेल्या दाण्याचं कूट आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी असते ना, वास त्याचा.

मिसळ झणझणीत म्हणजे डोळ्यात पाणी येतंय तरी आपण अजून सँपल, म्हणजे मिसळीचा रस्सा, मागतोय, जळजळीत म्हटलं की तक्रार. तूप रवाळ, पुरणपोळी लुसलुशीत, अमृततुल्यचा चहा फक्कड. आणि आयुर्वेदातले सहा रस वाचताना घोळ करू नका, तिथं कटु म्हणजे तिखट (मिरी, सुंठ) आणि तिक्त म्हणजे कडू (कारलं), आपल्या कानाला बरोब्बर उलटं वाटतं.

नावं ठेवतानाही शब्द जपून. अळणी म्हणजे फक्त मीठ कमी, ते ताटात वाढलेलंच असतं, चिमूटभर घेतलं की झालं. मिळमिळीत म्हणजे मीठ, तिखट, आंबट सगळंच कमी, त्याला ताटात काही इलाज नाही, म्हणून जेवायला बोलावलं असेल तिथं मी अळणीच म्हणतो.