हळदीच्या पोत्यावर हळदच लिहा : हॅशटॅग कसे लावावेत

आमच्या मामांची वसमतकडं हळद असते. शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात जाते. दोन हंगामांपासून थोडी घरीच दळून अर्ध्या किलोच्या पाकिटांत विकतात, आणि इन्स्टाग्रामचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या पोस्टखाली मी मोजून ३० हॅशटॅग ठोकले, तेव्हा तेवढे चालायचे. #लव्ह, #ट्रेंडिंग, #व्हायरल, सगळं. लाइक आले, त्यात एक परदेशातला जिमवाला. पाकीट मात्र एकही गेलं नाही. मामा म्हणाले, "लाइक काय वरणात टाकायचे का रे?"

हॅशटॅग म्हणजे पोत्याला लावलेली चिठ्ठी. २००७ साली ख्रिस मेसिनानं ट्विटरवर ही कल्पना मांडली, तीही एका विषयाचं बोलणं एका ठिकाणी सापडावं म्हणूनच. सोयाबीनच्या ढिगात हळदीचं पोतं ठेवलं तर गर्दी भरपूर दिसेल, पण हळदीचा खरेदीदार तिकडं फिरकणार नाही.

तर आधी फोन बाजूला ठेवा आणि कागदावर लिहा : वस्तू काय, कुठली, कुणाला हवी. मराठवाड्याचं एक बरं आहे, आपल्या कितीतरी मालाच्या नावातच गाव आहे. वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, लातूरकडची कास्ती कोथिंबीर, बोरसुरी तूरडाळ. या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हा माल त्याच भागाचा अशी सरकारी नोंद. गाव आणि वस्तू जोडली की अर्धं काम झालं. फक्त दुसरीकडची हळद आणून तिला #वसमत_हळद लावू नका. ती फसवणूकच.

मग प्रत्येक शब्द ॲपच्या शोधपट्टीत टाकून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथंच फसतात. मी #हळद उघडलं तर काय, सगळीकडं नवरा-नवरी! पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा, डीजे. आमचं पाकीट त्या मांडवात हरवलं होतं. #हळदपावडर वर पोस्ट कमी होत्या, पण बघणारा स्वयंपाकघरातला होता.

लिहिताना मराठीची एक गोची आहे, विभक्तीची. #वसमत, #वसमतचा, #वसमतला हे ॲपच्या लेखी तीन वेगळे हॅशटॅग. वाक्यात घुसडण्याच्या नादात प्रत्यय चिकटतो आणि पोस्ट भलत्याच कप्प्यात जाते. म्हणून वाक्य सरळ लिहा, हॅशटॅग शेवटी, मूळ शब्दात. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. बरोबर 'सीताफळ', पण 'सिताफळ' लिहिणारे थोडे आहेत का? शुद्धलेखनाचा आग्रह पोस्टच्या मजकुरात धरा, हॅशटॅगमध्ये दोन्ही चालवून घ्या. शिवाय कितीतरी गिऱ्हाइकं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. त्यांचे आलेले मेसेज वाचा, ते जसं लिहितात तसा एखादा हॅशटॅग ठेवा.

मध्ये जागा सोडली की हॅशटॅग तुटतो. '#वसमत हळद' लिहिलं तर फक्त 'वसमत' निळं होतं, हळद बाहेर राहते. आडवी रेघ (-) आणि टिंब (.) यांनीही तुटतो, खालची रेघ (_) चालते. इंग्रजीत मोठी अक्षरं घालून जोडशब्द वाचता येतो, देवनागरीत ती सोय नाही. म्हणून लांब शब्दांत खालची रेघ घालाच. पोस्ट टाकल्यावर हॅशटॅगवर एकदा बोट ठेवून बघा, कुठवर निळा आहे ते.

गावांच्या नावांचं म्हणाल तर २०२३ पासून अधिकृत नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. शोधणारे जुन्या नावानंही शोधतात. काही काळ दोन्ही लावलेली बरी.

किती लावायचे? माझ्या मते तीन ते पाच, बस. एक वस्तूचा, एक गाव-वस्तूचा, एक गिऱ्हाइकाच्या गरजेचा आणि एक स्वतःच्या नावाचा, जो प्रत्येक पोस्टला तोच राहील. यूट्यूबवर तर ६० च्या वर गेलात की एकही धरला जात नाही.

आणि खातं खासगी असेल तर हे सगळं पाण्यात. अनोळखी माणसाला पोस्ट दिसणारच नाही. व्हॉट्सॲप स्टेटसलाही हॅशटॅग लावून उपयोग नाही, ते आपल्या ओळखीच्यांपुरतंच.

महिनाभरानं बघा, कोणत्या पोस्टवर विचारणा आली. लाइक मोजू नका. आमच्याकडं परवा एका बाईंनी विचारलं, "दळलेली नको, अख्खी हळकुंडं मिळतील का?" हा शब्द मी एकदाही लावला नव्हता. मामांना दाखवलं तर ते पोत्याकडं वळत म्हणाले, "मग लिही की हळकुंड. फोटो काढ, मी ओतून ठेवतो."