दोन सारख्या ॲल्युमिनियम बोटींपैकी एक निवडताना या चुका टाळा

मिनेसोटात एप्रिलमध्ये तळ्यांवरचा बर्फ वितळू लागला की मेमध्ये उघडणाऱ्या वॉलाय माशाच्या हंगामाआधी बोट दारात उभी पाहिजे, अशी घाई अनेकांना होते आणि मिनीॲपोलिस परिसरातल्या मराठी मंडळींचे फोनही त्याच सुमारास सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो: दोन बोटी पाहिल्या आहेत, दोन्ही सोळा फुटी, दोन्हींना आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेली) मोटर, दोन्ही ट्रेलरसह आणि किमतीत चार-पाचशे डॉलरचा फरक, तर कोणती घ्यावी? याचे उत्तर फोनवर देता येत नाही, कारण अशा दोन बोटींमधला खरा फरक नेमका तिथे असतो, जिथला फोटो जाहिरातीत कोणी टाकत नाही. पुढचे विवेचन वापरलेल्या बोटींविषयी आहे. पहिली बोट वापरलेलीच घ्यावी आणि शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यावी, असे माझे ठाम मत आहे; मात्र हिवाळाभर थांबायला सांगितले की बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो पत्रे जोडायला रिव्हेट (ठोकून बसवलेले खिळे) चांगले की वेल्डिंग, या वादात. १९४८ पासून बोटी बांधणारी, मिनेसोटातल्याच न्यू यॉर्क मिल्स गावची लुंड ही कंपनी रिव्हेटच्या बोटींसाठी ओळखली जाते, तर मूळची लिटल फॉल्सची क्रेस्टलाइनर वेल्डिंगच्या बोटींसाठी. आणि दोन्ही पद्धतींच्या तीस-चाळीस वर्षे जुन्या बोटी आजही इथल्या तळ्यांवर चालताना दिसतात. रिव्हेट कालांतराने सैल होऊन पाझरतात, पण घरच्या घरी दोघांनी मिळून ते पुन्हा ठोकून बसवता येतात. वेल्डिंगचा सांधा सहसा पाझरत नाही, पण ताण पडणाऱ्या जागी तडा गेला तर ॲल्युमिनियमचे काम जाणणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणून पद्धतीवर वाद घालण्यापेक्षा समोरची बोट पाझरते का, हे पाहावे. बोट ट्रेलरवर असतानाच तिच्यात तळापासून काही इंच पाणी भरावे, अर्धा तास थांबावे आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करावी. एका गॅलन पाण्याचे वजन सुमारे पावणेचार किलो असते, तेव्हा काठोकाठ भरण्याचा उत्साह दाखवू नये. ट्रेलर त्यासाठी बनवलेला नसतो. दहा-बारा रिव्हेट झिरपत असतील तर घासाघीस करावी. तळाच्या मधल्या सांध्यातून धार लागत असेल तर मात्र निरोप घ्यावा.

दोन्ही बोटी ‘सोळा फुटी’ आहेत, या माहितीला फारसा अर्थ नसतो. मॉडेलच्या नावातला आकडा आणि प्रत्यक्ष लांबी यांत काही इंचांचा फरक असू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकीची रुंदी साठ इंच आणि दुसरीची सत्तर इंच असली, तर उभे राहून गळ टाकणाऱ्या माणसाला त्या दोन वेगळ्याच जातीच्या बोटी वाटतात. मिल लॅक्स हे तळे एक लाख बत्तीस हजार एकरांचे असूनही त्याची जास्तीत जास्त खोली बेचाळीस फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे वारा सुटला की तिथे आखूड, उभ्या लाटा लवकर उठतात. अशा पाण्यात बाजूंची उंची आणि तळाचा व्ही आकार यांना जेवढे महत्त्व आहे तेवढे लांबीला नाही. मी बोट पाहायला जाताना मोजपट्टी नेतो आणि विक्रेत्याने कितीही खात्री दिली तरी रुंदी, बाजूंची उंची आणि ट्रान्समची (ज्या मागच्या उभ्या भिंतीवर मोटर टांगलेली असते तिची) उंची ही तीन मापे स्वतः घेतो.

आता पाटीविषयी. वीस फुटांपेक्षा लहान मोटरबोटीवर किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्तीची मोटर चालेल हे सांगणारी पाटी उत्पादकाने लावलीच पाहिजे, असा कोस्ट गार्डचा नियम १९७२ पासून आहे. ही पाटी वाचल्याशिवाय मोटरीविषयी बोलणारे लोक पाहिले की मला नवल वाटते. अश्वशक्तीची मर्यादा काढण्यासाठी बोटीची लांबी आणि मागच्या भागाची कमाल रुंदी फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करतात. तो साडेबावन्नच्या पुढे असेल, ट्रान्सम किमान वीस इंची असेल आणि स्टिअरिंग व्हील बसवलेले असेल, तर गुणाकाराच्या दुपटीतून नव्वद वजा करतात. त्याच मापांची व्ही तळाची बोट टिलर, म्हणजे मोटरीलाच जोडलेला दांडा, हातात धरून चालवायची असेल, तर गुणाकाराच्या ०.८ पटीतून पंचवीस वजा करतात. सोळा फूट लांब आणि पाच फूट रुंद बोटीचा गुणाकार ऐंशी येतो. म्हणजे स्टिअरिंग असेल तर मर्यादा सत्तर अश्वशक्ती आणि टिलर असेल तर जवळपास चाळीस. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन बोटींच्या पाट्यांवर एवढा फरक का, या कोड्याचे उत्तर बहुधा हेच असते. टिलरच्या बोटीवर कोणी मागाहून स्टिअरिंग बसवले, तर तेवढ्याने पाटीवरचा आकडा वाढत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी ती पाटी पाहते.

याची उलटी चूक आपल्या लोकांत अधिक आढळते. चार माणसांसाठी सोळा फुटी बोट घ्यायची आणि पैसे वाचवण्यासाठी तिला पंधरा अश्वशक्तीची मोटर लावायची, असे केले की बोट पाण्यावर उचलली जात नाही, नाक वर काढून नांगरत राहते आणि पेट्रोलही जास्त पिते. पाटीवरच्या मर्यादेच्या साठ टक्क्यांखालची मोटर मी सुचवत नाही.

आणि आता ट्रान्समविषयी. बहुतेक जुन्या बोटींत ॲल्युमिनियमच्या पत्र्याआड प्लायवुड असते, वरच्या पट्टीतून आणि बोल्टच्या भोकांतून आत गेलेले पाणी ते कुजवते, आणि हे बाहेरून दिसत नाही. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबापुढे अशाच दोन बोटी होत्या. एकीचा रंग उडालेला होता, बाकांवर ओरखडे होते आणि ट्रान्सम मूळचाच, पण कोरडा होता. दुसरीला नवा निळा रंग दिलेला होता आणि ‘ट्रान्सम नुकताच नवा घातला आहे’ असे विक्रेता अभिमानाने सांगत होता. कोणते लाकूड वापरले, असे मी विचारायला सांगितले होते. तो प्रश्न संकोचापोटी विचारला गेला नाही आणि निळी बोट घरी आली. दुसऱ्या उन्हाळ्यात ट्रान्समच्या खालच्या भागात रंगाला फुगे आले. ते खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली आणि तिच्याखाली सुईने टोचल्यासारखी भोके होती. विक्रेत्याने घरबांधणीच्या दुकानातले, वाळवीपासून वाचवण्यासाठी रसायन मुरवलेले हिरवट प्लायवुड वापरले होते. २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकयुक्त रसायन मागे पडले आणि त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याचे प्रमाण बरेच जास्त असते. ओल धरलेल्या लाकडातले तांबे ॲल्युमिनियमला टेकून राहिले की पत्रा आतून खाल्ला जातो. नवा पत्रा, नवे लाकूड आणि मजुरी यांचा अंदाज बोटीच्या किमतीच्या पुढे गेला, तेव्हा ती भंगारात गेली.

म्हणून ‘नवा ट्रान्सम’ ऐकले की मी आधी पावती मागतो. मरीन प्लायवुड किंवा बाहेरच्या वापराचे साधे प्लायवुड इपॉक्सीने चारी बाजूंनी बंद करून घातलेले असेल तर ठीक. उत्तर गोलमोल आले तर पाहणी तिथेच थांबते. मूळचा ट्रान्सम असेल तर मोटर थोडी वर उचलून तिच्या खालच्या टोकावर दोन्ही हातांनी भार द्यावा आणि पत्रा हलतो का ते पाहावे; नंतर आतल्या बाजूचा एखादा लहान स्क्रू विक्रेत्याच्या परवानगीने काढावा. त्याच्या आट्यांना कोरडा भुसा लागला तर उत्तम, काळा चिखल लागला तर लाकूड संपलेले आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धतही बरी आहे, पण नवख्याला प्रत्येक आवाज हवा तसाच ऐकू येतो.

तेच रसायन मुरवलेले लाकूड ट्रेलरवर बोट ज्या लांब फळ्यांवर टेकते तिथेही सापडते, म्हणून फळ्यांजवळचा पत्रा वाकून नीट पाहावा. त्या फळ्या ट्रान्समपर्यंत पोहोचत नसतील, तर मोटरीच्या वजनाने तळाचा मागचा भाग हळूहळू खाली वाकतो आणि बोट वेगात नाक खाली दाबून धावते. चार फुटी पट्टी तळाला लांबीच्या दिशेने लावली की हा बाक लगेच दिसतो, आणि दोन सारख्या बोटींमध्ये निवड करायला एवढी एक गोष्टही पुरते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगता येतील. पंधरा इंची ट्रान्समला आखूड शाफ्टची आणि वीस इंचीला लांब शाफ्टची मोटर लागते; त्यांची अदलाबदल चालत नाही. विक्रेत्याने तुम्ही येण्याआधीच मोटर गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे, कारण खोड थंड मोटर सुरू करतानाच कळते. गिअरचे तेल दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. मासे शोधणाऱ्या महागड्या पडद्यासाठी बोटीची किंमत वाढवून देऊ नये. तो नवा घेता येतो. गालिचा चिकटवलेल्या फळीखालचा फोम पाणी प्यायला असेल तर बोट कागदावरच्या वजनापेक्षा कितीतरी जड भरते, म्हणून शंका आल्यास ट्रेलरसह वजनकाट्यावर न्यावी. ट्रेलरची चाके हाताने फिरवून खरखर ऐकावी. ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर कोरलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा. त्याचे शेवटचे दोन अंक सहसा मॉडेलचे वर्ष सांगतात, आणि ते विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षाशी जुळत नसतील तर पैसे देण्याआधी कारण विचारावे.