कुंपणाच्या बकोऱ्याचा पिवळेपणा

भिंतीलगतच्या बकोऱ्याची, म्हणजेच एक्झोराची, कोवळी पाने पिवळी पडत होती आणि शिरा मात्र हिरव्यागार होत्या. जुनी पाने निरोगी असल्याने ही नत्राची नव्हे, तर लोहाची कमतरता असल्याचे ओळखता आले. दक्षिण भारत व श्रीलंकेतील या सदाहरित झुडपाला आम्लधर्मी माती मानवते. सिमेंटमधून झिरपणारा चुना आणि बोअरचे जड पाणी यांमुळे माती अल्कधर्मी होते आणि तिच्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. झाडे भिंतीपासून दूर हलवून मातीत भरपूर पालापाचोळ्याचे खत मिसळले आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल असे दुसऱ्या संयुगात बांधलेले लोह, पाण्यातून मुळांशी दिले. तेही ईडीडीएचए या संयुगात बांधलेले, कारण ईडीटीए या दुसऱ्या संयुगात बांधलेले लोह अल्कधर्मी मातीत टिकत नाही. नवी पालवी हिरवी आली. फुले फांद्यांच्या टोकांना येत असल्याने छाटणी मी बहर ओसरल्यावरच करतो. फुलांच्या कुंपणासाठी मला याहून देखणे झुडूप सुचत नाही.