थंडीत अडलेला ट्रकवरचा जनरेटर
मुक्कामी रात्रभर गाडीचे इंजिन चालू ठेवून डिझेल जाळावे लागू नये, म्हणून कळंबोलीहून काश्मीरकडे माल नेणाऱ्या आमच्या ट्रेलरवर एक लहान पेट्रोल जनरेटर ठेवलेला असतो. मुंबईत पहिल्या झटक्यात सुरू होणारा हा जनरेटर काश्मीरमधल्या काझीगुंडला पहाटे, दोरी ओढून खांदा भरून आला तरी, दाद देईना. प्लग काढून पाहिला तर ठिणगी ठीक होती. डिपस्टिकवरचे (पातळी पाहायच्या पट्टीवरचे) ऑइल मात्र काकवीसारखे सावकाश ओघळत होते. मुंबईच्या उकाड्यात उत्तम चालणारे एसएई ३० ग्रेडचे (घट्टपणाच्या प्रतीचे) ऑइल तिथल्या थंडीत इतके घट्ट होते की हाताने इंजिन पुरेशा वेगाने फिरतच नाही. ते काढून थंडीतही पातळ राहणारे ५डब्ल्यू-३० भरले, चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी झडप) पूर्ण ओढला आणि इंजिन सुरू झाल्यावर तो हळूहळू सोडला.

ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीत ओल गोठली की आतला दाब वाढून सीलमधून ऑइल बाहेर पडते, म्हणून ती नळीही पाहतो. चालवताना जनरेटर खाली उतरवून, धूर केबिनकडे येणार नाही असा लांब ठेवतो (क्लीनर कुरकुरतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो). परतल्यावर उन्हाळ्यात हे पातळ ऑइल अधिक खपते, त्यामुळे पातळी वारंवार तपासावी लागते.