34 ची पँट आणि पोट आत ओढणं

ट्रायल रूममध्ये 34 चं बटण लागेना की आपण श्वास रोखतो, पोट आत ओढतो आणि हट्टाने तीच पँट घेतो. 'उतरेल की महिनाभरात!' मग ती कपाटात पडून राहते. मुळात तो आकडा बऱ्याचदा टेपवरचा नसतोच. 34 लिहिलेल्या कितीतरी पँटी कमरेत 36 इंच भरतात. शर्टाचंही तेच: कुठे 40 म्हणजे छाती इंचांत, कुठे गळा सेंटिमीटरमध्ये.

नीट बसणारी जुनी पँट बटण लावून सपाट पसरा, कमरेची रुंदी मोजून दुप्पट करा. 18 आले तर 36. ऑनलाइन घेताना हेच माप शोधा. फक्त साइज चार्टमधला आकडा कपड्याचा आहे की अंगाचा, तेवढं बघा. लेबल खुपतंच असेल तर घरी आल्यावर कात्रीने उसवून टाका.